शांत चित्रपट जोडीने पाहताना
जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा 1953 सालचा चित्रपट ‘टोकियो स्टोरी’ आपण उभयता प्रथमच पाहणार असाल, तर तो संपताच जोडीदाराला ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. मुलांनी आतामी या समुद्राकाठच्या पर्यटनस्थळी धाडलेले वृद्ध आईवडील तिथल्या बांधावर बसलेले असतात आणि उठताना आईचा तोल जातो. पण कॅमेरा तिच्याकडे झेपावत नाही, त्यामुळे एकाच्या डोळ्यांत पाणी येते, तर दुसऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. आमचे तसेच झाले, आणि पत्नीच्या स्तब्धतेला मी कंटाळा समजलो. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन स्वतःच्या आईचा विषय काढला, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. 136 मिनिटे सलग राखून ठेवावीत आणि उपशीर्षके सुटू नयेत म्हणून मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.