प्रश्न तुमचे: मात दिसते, पण दिली जात नाही

प्रश्न : सी प्लस प्लसमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिलाय. एकदा तपासलेली स्थिती पुन्हा तपासावी लागू नये म्हणून ६४ एमबीचं हॅश टेबल जोडलं. वेग वाढला, पण मात समोर दिसत असूनही प्रोग्रॅम घुटमळत राहतो. शिवाय हत्ती हलून परत जागेवर आलेला असला, तरी कधीकधी किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करतो. टेबल बंद केलं की दोन्ही थांबतं. – एक वाचक, सांगली

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. किल्लेकोटाचा सोपा, तो आधी.

आल्बर्ट झोब्रिस्ट यांच्या १९७० सालच्या पद्धतीत मोहरा आणि घर यांच्या प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक आकडा देतात आणि पटावरचे आकडे एक्सॉर या बिटांवरच्या क्रियेने एकत्र करून स्थितीची ओळख, म्हणजे हॅश की, बनवतात. त्यासाठी १२ मोहरे (दोन रंगांचे सहा-सहा प्रकार) गुणिले ६४ घरं, असे ७६८ आकडे लागतात. तुम्ही बहुधा तिथेच थांबलात. पाळी कुणाची यासाठी १, किल्लेकोटाच्या हक्कांसाठी ४ आणि आँ पासाँच्या (दोन घरं पुढे आलेलं प्यादं लगेच मारण्याच्या नियमाच्या) स्तंभांसाठी ८ धरले, की ७८१ होतात. हक्काचा आकडा नसेल, तर हत्ती हलण्यापूर्वीची आणि परत आल्यानंतरची स्थिती टेबलाला एकच वाटते. हत्ती कोपऱ्यातच मारला गेला, तरी हक्क जातो. हे हमखास विसरलं जातं. आणि टेबलातून आलेली चाल नियमात बसते का, हे तपासल्याशिवाय खेळू नका. निराळ्या स्थितींची हॅश की जुळणं दुर्मीळ असलं, तरी अशक्य नाही.

आकडे सी भाषेच्या रँड या यादृच्छिक आकडे देणाऱ्या फंक्शनने काढले असतील, तर बदला. काही कंपायलरवर तो ३२७६७ च्या पुढे जातच नाही. कीच्या ६४ बिटांपैकी जेमतेम १५ कामाला येतात.

आता मात. मातेचे गुण ३०००० वजा मुळापासूनचं, म्हणजे पटावरच्या आत्ताच्या स्थितीपासूनचं, चालींतलं अंतर (हीच पातळी), असं धरू. चौथ्या पातळीवरच्या स्थितीत सातव्या पातळीवर मात सापडली, तर गुण २९९९३. तुम्ही हाच आकडा ठेवता. पुढे तीच स्थिती दुसऱ्या पातळीवर आली, की मात खरं तर पाचव्या पातळीवर असते, गुण २९९९५ हवेत. टेबल मात्र २९९९३ च सांगतं. जवळची मात आणि लांबची मात यांतला फरकच पुसला जातो, मग प्रोग्रॅम घुटमळणार नाही तर काय! ठेवताना पातळी मिळवा (२९९९३ + ४ = २९९९७), काढताना तेव्हाची पातळी वजा करा (२९९९७ – २ = २९९९५). आपल्यावर मात होत असेल, तर चिन्हं उलटी. मातेचे नसलेले साधे गुण मात्र आहेत तसेच ठेवा.

पडताळणीसाठी डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) आवृत्तीत प्रत्येक चालीनंतर, आणि चाल मागे घेतल्यावरही, पट पाहून हॅश की पहिल्यापासून काढा आणि एक्सॉरने बदलत आलेल्या कीशी ताडा. फरक पडला तिथेच थांबा, चूक त्याच चालीत असते. हे फार हळू चालतं. टेबल बरोबर ठरलं की ही पडताळणी काढून टाका.