दिवा आधी लावा, खोकी मग उघडा

ठाण्याहून एका आईचं पत्र आलंय. जानेवारीत नवरा आणि बारा वर्षांच्या लेकीसह ती कायमची मेलबर्नला निघणार आहे. पत्र चार पानी आणि प्रश्न सात. सहा उभ्या उभ्या उरकते, पण एकासाठी मात्र मला बसून बोलायचंय.

ती लिहिते, "ताई, व्हिसा आला तेव्हा वाटलं, देवानेच वाट दाखवली. मग घराचा सौदा दोनदा फिसकटला, सासरे जिन्यात पडले, ह्यांना तिकडे अजून नोकरी नाही. देवाच्या मनातच नसेल का? की माझी श्रद्धा कमी पडतेय?"

अगं, गिऱ्हाईकाचं कर्ज मंजूर झालं नाही की सौदा मोडतो. त्यात देवाचा कौल कशाला शोधतेस? तुझी घालमेल कळते मला. राहतं घर विकून निघणाऱ्या बाईला रात्री झोप लागत नाही, हे मी भोगलंय. पण तिसऱ्या पानावर तूच ओझरतं लिहिलंयस, "सध्या आवराआवरीत देवापुढे दिवा लावायचंही राहून जातं." माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. दिवसभर देवाच्या मनातलं ओळखायचा खटाटोप करतेस आणि संध्याकाळी त्याच्यासमोर पाच मिनिटं बसत नाहीस!

आम्ही १९९० च्या ऑगस्टात मिरजेहून इथे मेलबर्नला आलो. मंदी आली आणि इथल्या व्हिक्टोरिया राज्यात कारखाने बंद पडू लागले. ह्यांना, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरला, सात महिने काम नव्हतं. कॅरम डाउन्स उपनगरातलं शिवविष्णू मंदिर झालं १९९४ मध्ये, त्याआधी आमच्या आसपास देऊळही नव्हतं. फळांच्या रिकाम्या खोक्यावर आईची जुनी इरकल घडी करून अंथरली आणि त्यावर देव मांडले. सूर्यफुलाच्या तेलात वात. सात वाजले की चौघं सतरंजीवर. हे दिवसभर अक्षर बोलत नसत. पण शुभंकरोति झाली की काडीने वातीची काजळी झाडता झाडता म्हणायचे, "आज दोन ठिकाणी जाऊन आलो. नाही म्हणाले." एवढंच. पण तेवढं बोलून झालं की घास घशाखाली उतरायचा, त्यांचाही आणि आमचाही. आठव्या महिन्यात कागदाच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली. मनासारखी नव्हती. त्या दिवसापासून दिवा पाचला लागायला लागला, कारण हे सहाला घराबाहेर पडायचे.

म्हणून सांगते, पोचलात की खोकी नंतर उघडा, आधी दिवा लावा. वेळ घड्याळाची ठेव, सूर्याची नको. मेलबर्नला डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो आणि जूनमध्ये पाच-सव्वापाचला. तिन्हीसांजेची वाट बघत बसलीस तर नेम आठवड्यात मोडेल. भाड्याच्या घरात धूर झाला की वाजणारा भोंगा असतो, तेव्हा उदबत्ती खिडकीपाशी लाव आणि भोंग्यावर फडकं बांधायचा उद्योग करू नकोस. लेक "माझ्याशी बोलतच नाही" म्हणतेस ना? वाती वळायचं काम तिला दे. बोलली नाही तरी चालेल, शेजारी बसू दे.

आणि नवस बोलू नकोस, बाई. "ह्यांना नोकरी लागू दे, तुळजापूरला येऊन ओटी भरेन" म्हणून निघालीस, तर तिकडचा प्रत्येक नकार आईच्या खाती मांडशील. मी मांडला होता. अकरा दिवस रुसून दिवा लावला नाही, आणि ते अकरा दिवस त्या सात महिन्यांतले सगळ्यात वाईट गेले. ओटी भरायला जरूर जा, पण निघण्याआधी जा आणि काही न मागता ये.

सासूबाई म्हणतात, "देव समुद्रापार न्यायचे नाहीत." त्यांचं मन मोडू नका. कुळाचे टाक ठाण्यातच राहू देत, हवे तर सोनाराकडून नवे घडवून घ्या. तुझ्या लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण मात्र तुझेच आहेत. ते हातातल्या पिशवीत घे. लाकडी देव्हारा, तुळशीची माळ, सुपारी, तांदूळ, जे काही नेशील ते विमानतळावरच्या कार्डावर लिही. लपवलंस तर दंड होतो. कापूर तर नेऊच नकोस, तो पेट घेतो म्हणून विमानात चालत नाही.

शाळेचं तिथे गेल्यावर बघता येईल. प्रेशर कुकर ने. सासऱ्यांसाठी दिवसाची बाई आत्ताच ठरव, निघायच्या आठवड्यात धावाधाव नको. घर विकलं गेलं नाही तर भाड्याने द्या, जगबुडी होत नाही.

पहिल्या संध्याकाळी काय झालं ते मला कळव. लेक शेजारी येऊन बसली का, ते आठवणीने लिही.