मोखाड्यात परसबाग सुरू करताना

पालघर जिल्ह्यातील मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर परसबागांचे काम सुरू करण्याचा आपला विचार योग्य आहे. मात्र पहिल्या वर्षी पाच-सहा घरांपलीकडे जाऊ नका.

आरंभी बियाणे नव्हे, तर घरातील धान्य कोणत्या महिन्यात संपते हे विचारा. बहुधा आषाढ-श्रावणात, म्हणजे नवी नागली आणि भात हाती येण्यापूर्वी, कणगी रिकामी होते, आणि बाग त्याच दिवसांसाठी हवी. पहिल्या पावसाबरोबर लावलेली भेंडी, काकडी आणि माठ तेव्हा ताटात येतात. शेवग्याची फांदीही त्याच वेळी रोवा, पाला पुढे मिळत राहील.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:
- संकरित बियाण्यांची पाकिटे वाटणे. त्यांचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, त्यामुळे कुटुंब पुन्हा बाजारावर अवलंबून राहते. गावरान वाण पाड्यावरील वृद्ध स्त्रियांकडे राखेत जपलेले सापडते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच जपणुकीसाठी.
- दिवाळीनंतरचे स्थलांतर विसरणे. कुटुंब वीटभट्टीवर गेले की पाणी कोण घालणार? (माझी पहिली बाग अशीच वाळली.) म्हणून मागे राहणाऱ्या आजीच्या अंगणात, मोरीच्या सांडपाण्यावर वाफा करा.
- कोणी खात नाही अशा भाज्या लावणे.

गांडूळखत, ठिबक, बीजबँक यांविषयी दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोलू.