मॅनेजरनं सीन सुचवला म्हणून पटकथा त्याची होते का?

प्रश्न : मी मिरजेत शिक्षिका आहे. २०१९ च्या महापुरावर पटकथा लिहितेय. मुंबईतले एक मॅनेजर माझं लेखन निर्मात्यांपर्यंत नेतात, मानधनातले १५ टक्के घेतात. चार ड्राफ्टवर त्यांनी सूचना दिल्या, काही मी घेतल्या. आता निर्माता तयार झाल्यावर ते सहलेखक म्हणून नाव आणि निम्मं मानधन मागतायत. करारनामा पाठवलाय, शनिवारपर्यंत सही हवी म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, शनिवारी सही करू नका. आधी कागद नीट लावू.

तुम्ही पाठवलेलं एकेचाळिसावं पान मी दोनदा वाचलं. समासात मॅनेजरांनी हिरव्या शाईनं लिहिलंय, ‘आजी सहजासहजी निघू नये, ताण वाढवा.’ शब्द सहा. पुढच्या ड्राफ्टमध्ये तुमची आजी जात्याचा खुंटा धरून बसते आणि कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागल्यावरच उठते. ती तीन पानं तुमची आहेत. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. ‘ताण वाढवा’ म्हणणारा चांगला वाचक असेल, पण तेवढ्यानं तो लेखक होत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण कोर्टात ती निघणारच. मौलाना आझादांच्या आत्मचरित्राबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सांगणारा आणि लिहिणारा, दोघांनाही सहलेखक मानलं. तिथं दोघांनी मिळून पुस्तक करायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि मजकूर सांगणाऱ्याचाच होता. त्यामुळे मॅनेजरांना ‘आपण दोघं मिळून लिहितोय’ असं कधी लिहून पाठवलंय का, ते व्हॉट्सॲपवर तपासा. त्यांच्या व्हॉइस नोटमधले दोन संवाद जसेच्या तसे घेतल्याचं तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत, बरं केलंत. ते काढा आणि तुमच्या शब्दांत नव्यानं लिहा. दोन ओळींपायी निम्मी पटकथा वादात घालू नका.

मॅनेजर नोकरीवर ठेवणारा मालक नाही, तो तुमच्या वतीनं बोलणी करणारा प्रतिनिधी आहे. तोच वाटेकरी झाला, तर निर्मात्यासमोर तुमची बाजू कोण मांडणार? करार कायदा, १८७२ चं कलम २१५ याच धोक्यासाठी आहे. प्रतिनिधीनं त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार करायचा, तर आधी सगळी माहिती देऊन तुमची संमती घ्यायला हवी. नाहीतर, त्यानं महत्त्वाची गोष्ट बेइमानीनं लपवली असेल किंवा त्या व्यवहारात तुमचं नुकसान झालं असेल, तर तुम्ही तो नाकारू शकता. निर्मात्याची मूळ ऑफर लेखी मागा. ती पाहिल्याशिवाय निम्मं म्हणजे किती, हे तुम्हाला कळणार कसं?

करारनाम्यातलं सातवं कलम मला सर्वांत खटकलं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ एवढंच लिहिलंय. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क देताना कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे लेखी हवं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतात. पण इथं ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मुद्दाम घातलाय, तो काढून घ्या. कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून नावाचा हक्क, हक्क विकल्यावरही, तुमचाच राहतो.

सूचना मात्र बंद करू नका. चांगला वाचक मिळणं सोपं नाही, आणि एकेचाळिसाव्या पानावर या माणसाला नेमकं कळलं होतं. आज ईमेल करा : ‘सूचनांबद्दल मनापासून आभार. त्यातलं काय घ्यायचं हा निर्णय आणि लेखन माझं राहील. १५ टक्के ठरल्याप्रमाणे.’ यापुढं सूचना ईमेलवरच मागा आणि प्रत्येक ड्राफ्ट तारखेनिशी वेगळा ठेवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवा. त्यानं मालकी मिळत नाही, पण अमुक तारखेला मजकूर तुमच्याकडे होता हे दाखवता येतं.

तुम्हालाच दावा लावावा लागला, तर मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. तोवर जुना फोन बदलू नका, व्हॉइस नोट पुसू नका, आणि हिरव्या शाईचं ते मूळ पान, झेरॉक्स नव्हे, माझ्याकडे घेऊन या.