वर्गीकृत सारणीचा मध्यक: तेच तेच प्रश्न

परीक्षा जवळ आली की मध्यकाबद्दल (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतली मधली किंमत; आकडे वर्गांत वाटलेले असले तर ती सूत्राने काढतात) तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: ज्याची वारंवारता सगळ्यात जास्त तोच मध्यक वर्ग ना?
नाही. तो बहुलकाचा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या किमतीचा. वारंवारता म्हणजे वर्गात किती आकडे पडले ते, आणि संचित वारंवारता म्हणजे पहिल्या वर्गापासून त्या वर्गापर्यंतची त्यांची बेरीज. ही बेरीज ज्या वर्गात पहिल्यांदा एकूणच्या निम्म्याला पोचते तो मध्यक वर्ग.

प्रश्न: एकूण वारंवारता ४५ आहे, विषम. एक मिळवून निम्मे करायचे का?
वर्गीकृत सारणीत नाही. सरळ २२.५ घ्या.

प्रश्न: सूत्रातली संचित वारंवारता मध्यक वर्गाची की आधीच्या वर्गाची?
आधीच्या. सूत्र असं: मध्यक वर्गाची खालची मर्यादा + (एकूणचे निम्मे − आधीच्या वर्गाची संचित वारंवारता)/मध्यक वर्गाची वारंवारता × वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी. उत्तर मध्यक वर्गाच्या बाहेर गेलं तर समजा चुकीची ओळ उचलली.

प्रश्न: ११-२०, २१-३० असे वर्ग असले की खालच्या मर्यादेतून ०.५ वजा करायचे असं क्लासमध्ये सांगितलं. एका व्हिडिओत म्हणतात गरज नाही, वेळ वाचतो. खरं काय?
असले शॉर्टकट विकणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. ही सारणी बघा: ११-२० मध्ये ६, २१-३० मध्ये १४, ३१-४० मध्ये २०, ४१-५० मध्ये ७, ५१-६० मध्ये ३, एकूण ५०. निम्मे २५, म्हणून मध्यक वर्ग ३१-४०, आधीची संचित वारंवारता २०. मग ३०.५ + (२५ − २०)/२० × १० = ३३. ते ०.५ सोडून दिलं तर ३३.५ येतं, आणि त्यातच ४० मधून ३१ वजा करून वर्गांतर ९ धरलं (हे तर दर वर्षी दिसतं) तर ३३.२५, म्हणजे एकाच सारणीची तीन उत्तरं.

पण क्लासमधलं वाक्यही अर्धंच आहे. ०.५ येतो कुठून? वजन जवळच्या पूर्ण किलोत लिहिलं असेल तर ३०.६ किलो आपण ३१ लिहितो, म्हणून तो वर्ग ३०.५ पासून सुरू होतो. हीच सारणी वयाची असली तर? आपण वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो, ३० वर्षं ११ महिन्यांचा माणूसही ३० च सांगतो, मग ३१-४० हा वर्ग खरा ३१ ते ४१ होतो आणि मध्यक ३३.५ येतो. आकडे कसे नोंदवले ते बघितल्याशिवाय मर्यादा ठरतच नाही, आणि नेमकं हेच कोणी शिकवत नाही. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातलीच रीत वापरा, आणि वयाचं उदाहरण असेल तर पुस्तक घेऊन आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा.

प्रश्न: एमएडच्या प्रबंधासाठी १२० फॉर्म भरून घेतले. वयोगट १८-२५, २६-३५ असे, शेवटचा '५६ व जास्त'. पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे. मध्यक निघेल का?
निघेल, मध्यक वर्ग तो शेवटचा उघडा वर्ग नसेल तर. वर्ग सारखे नाहीत, तेव्हा वर्गांतर मध्यक वर्गाचंच घ्या. पण फॉर्मवर प्रत्यक्ष वय विचारलं असेल तर वर्ग पाडताच कशाला? वयं चढत्या क्रमाने लावा, ६० व्या आणि ६१ व्या वयाची सरासरी हाच अचूक मध्यक. वर्गांवरून काढलेला शेवटी अंदाजच असतो, कारण वर्गातली माणसं सारखी पसरलीत असं आपण धरून चालतो. आजच मार्गदर्शकांना फॉर्म दाखवा. आणि पुढच्या वेळी सांख्यिकीच्या माणसाला फॉर्म छापायच्या आधी भेटा, नंतर आमच्याही हातात फारसं काही राहत नाही.