सव्वादोन लाखाची जुनी सॅन स्टॉर्म गोव्यातून नाशिकला आणू का?

तू लिहिलंयस की पाथर्डी फाट्याला राहतोस, नोकरीचे साडेतीन लाख साठलेत, उघड्या छताची दोन सीटची गाडी हवीय. गोव्यात २००१ ची सॅन स्टॉर्म सव्वादोन लाखाला मिळतेय, तिचं पासिंग २०१६ ला संपलंय आणि मालक म्हणतो थोडं काम आहे बस. आणि इथेच नाशिकमध्ये एक जण छत कापलेली जुनी सेडान दीड लाखात देतोय. माझ्याकडे स्टॉर्म आहे, सहा वर्षं झाली, मी पण गोव्यातूनच आणली, त्यामुळे जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

आधी ती कापलेली सेडान डोक्यातून काढ. साध्या गाडीला खालचा वेगळा सांगाडा, म्हणजे चेसिस नसते, छत, खांब, फ्लोअर सगळं मिळून एकच पेटी असते, त्यातलं छत कापलं की गाडी मधून वाकायला लागते. एका बाजूने जॅक लाव आणि दार उघडून परत लावून बघ, लॉक बसत नाही. आणि कायद्याने पण ती चालत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत हे अगदी स्पष्ट सांगितलंय. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला बोट त्या कापलेल्या छताकडेच दाखवणार. दीड लाख काय, फुकट दिली तरी घेऊ नको.

आता स्टॉर्म. ही गाडी गोव्यातच बनायची, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, वरची बॉडी फायबरची, खाली पोलादी सांगाडा, आणि इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवरचं. आकडा ऐकून स्पोर्ट्स कार वाटत नाही ना? पण गाडी हलकी आहे, जमिनीला टेकून बसतोस, छत मागे टाकलेलं, पावसाळा सरल्यावर पहाटे त्र्यंबक रोडला निघालास की साठच्या स्पीडला पण मजा येते, शंभरची गरजच पडत नाही. मी अजूनही रविवारी त्यासाठी साडेपाचला उठतो.

फायबरची बॉडी गंजत नाही हे खरं आहे, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. बॉडी चकाचक दिसते आणि खालचा सांगाडा वीस-पंचवीस वर्षं समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेला असतो. मी पहिली चूक हीच केली. गाडी नाशिकला आली, मला घाई, आधी रंग दिला, अडतीस हजार गेले. मग अंबडला एका वेल्डिंगवाल्याकडे सायलेन्सरचा ब्रॅकेट लावायला गाडी वर घेतली, त्याने ड्रायव्हर सीटच्या खालच्या चौकोनी पाईपवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. पुढे खणखण आवाज, मागे सरकला तसा आवाज बद्द व्हायला लागला, मग त्याने टोक लावून जरा दाबलं आणि भाकरीचा पापुद्रा निघावा तसा गंजाचा हातभर पापुद्रा खाली पडला, आत पाईप जवळपास संपलेला. तेवढा भाग कापून नवा पाईप जोडायचा म्हणजे ठिणग्या उडणार आणि फायबर तर पेट घेतं, म्हणून सीट, कार्पेट सगळं काढून, ओली पोती लावून, तीन दिवस काम चाललं आणि नव्या रंगावर डाग पडले ते पडलेच. म्हणून तुला सांगतो, गोव्याला जाशील तेव्हा टॉर्च, चुंबक आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, रंगाकडे बघूच नको, गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्यायला लाव, सीटखालचे पाईप, सस्पेन्शन जिथे सांगाड्याला बसतं त्या जागा आणि बॅटरीच्या खालचा भाग ठोकून बघ. कुठे काळं जाड डांबरासारखं कोटिंग नुकतंच मारलेलं दिसलं तर तिथे आधी ठोक. चुंबक चिकटला नाही म्हणजे गंजाची जागा पुट्टीने भरलीय. मालक ठोकू देत नसेल तर नमस्कार करून परत ये.

दुसरी गोष्ट कागद. १५ वर्षांनी रजिस्ट्रेशन संपतं, मग दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. मी केलं तेव्हा फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. तुझी गाडी २००१ ची म्हणजे तू दहा हजारवाल्यातच. वर उशीर झाला की दर महिन्याचे ५०० रुपये असतात, आणि तुझ्या गाडीचे महिने भरपूर झालेत, ते कधीपासून धरणार याचा हिशोब मालकाला तिथल्या आरटीओतून लेखी आणायला सांग. हा आकडा हातात आल्याशिवाय किमतीची बोलणीच करू नको. मला एका एजंटने सांगितलं होतं की गाडी घेऊन जा, कागद मागून पाठवतो, आठ महिने गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि शेवटी मीच दोनदा गोव्याला जाऊन आलो. त्यापेक्षा मालकाला सांग, आधी तुझ्या नावावर असतानाच पासिंग करून घे, नूतनीकरण कर, नाशिकच्या नावाची एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) काढ, चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतोय ते मी स्वतः बघतो, मग पूर्ण पैसे. तोवर बयाणा म्हणून दहा-पंधरा हजारच दे, ते पण लिहून घेऊन. नंतर पेठ रोडच्या आरटीओत एमएच १५ नंबर, महाराष्ट्राचा टॅक्स, पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं येतंच, ते खर्चात धर. आणि पासिंग नसलेली गाडी चालवत आणू नको, साडेसहाशे किलोमीटर आहेत, फ्लॅटबेड ट्रकवर टाक.

सांगाडा आणि कागद चांगले निघाले ना, तर बाकी जे काय आहे ते नाशिकमध्ये होतं, हे मी खात्रीने सांगतो.

इंजिनचं म्हणशील तर रेनॉ म्हटलं की बरेच मेकॅनिक हात वर करतात, पण आपल्याकडे एक बरं आहे, महिंद्राची लोगन, रेनॉच्याच इंजिनची गाडी, इथेच बनायची, २००७ पासून, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांपैकी कितीतरी जणांचा रेनॉच्या इंजिनावर हात बसलाय. इंजिन वेगळं आहे, लोगनची १.४ लिटर आणि त्याहून मोठी, पण माणूस घाबरत नाही हे महत्त्वाचं. सारडा सर्कल, द्वारका भागात विचारत फिर, लोगन किती केल्यात हाच प्रश्न विचार. गाडी आली की पहिल्यांदा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे होज पाईप बदल, जुने चांगले दिसत असले तरी. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं त्यामुळे पार्ट बाहेरून मागवता येतात, फक्त इंजिनचा कोड बघून मागव आणि कस्टमचा वेळ आणि पैसा दोन्ही धर. बेअरिंग, सील, बुश असल्या वस्तूंसाठी जुना नमुना खिशात घालून दुकानात जा, मापाने जुळवून मिळतात. पेट्रोलचे पाईप पण बदलच, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि त्या काळचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, माझ्या गाडीत टाकीजवळचा पाईप बोटाने दाबला तर खड्डा पडत होता. उघड्या छताची आहे म्हणून आगीची भीती कमी होत नाही.

वायरिंगचं एक सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझे दोन महिने गेले. इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद व्हायचा, ब्रेक दाबला की मागचा दुसराच दिवा लुकलुकायचा. तीन इलेक्ट्रिशियननी स्विच बदलले, रिले बदलले, एकाने तर अर्धी वायरिंग नवी टाकली. कारण साधं होतं. पत्र्याच्या गाडीत अर्थिंग बॉडीतूनच मिळतं, दिवा पत्र्याला कसला की झालं, पण फायबरमधून करंट जात नाही, म्हणून या गाडीत प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर आहे, ती एका जागी हिरवी पडली की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून पुढे आणि मागे एकेक जाड काळी वायर नेली, सगळे दिवे त्यावर घेतले, साडेसातशे रुपयांत विषय संपला. तुझ्या इलेक्ट्रिशियनला हे पहिल्या दिवशीच सांग.

फायबरला बारीक जाळ्यासारख्या चिरा असतात त्या नुसत्या पुट्टीने भरू देऊ नको, दोन महिन्यांत परत उमटतात. अंबड-सातपूरमध्ये फायबरचं काम करणारे आहेत, पेंटरकडे न्यायच्या आधी त्यांच्याकडे ने, ते चीर ग्राइंडरने उघडतात, आतून फायबरची मॅट आणि रेझिनचे थर देतात, रोलरने हवा काढतात. हे काम पावसाळ्यात करू नको, दमट हवेत रेझिन चिकटच राहतं. आणि मे महिन्यात हार्डनर जास्त पडला तर डब्यातच घट्ट होतं, म्हणून मी जानेवारी-फेब्रुवारी म्हणतो.

आता छत, ज्याच्यासाठी आपण हे सगळं करतोय. तयार हूड, म्हणजे कापडी छत, मिळत नाही, विसर. पण जीपचे हूड शिवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, भद्रकालीत एक चाचा आहेत, वय सत्तरच्या पुढे असेल, त्यांनी माझं शिवलं. त्यांनी जुनं हूड फेकू दिलं नाही, टाके उसवून एकेक तुकडा जमिनीवर पसरला, खडूने नंबर घातले, आणि म्हणाले की मापं टेपने घ्यायचीच नाहीत, जुनं कापड ताणून ताणून वाढलेलं असतं, हूडच्या कमानी उभ्या करून त्यावरच कापड बसवायचं. मागच्या काचेचा प्लास्टिक शीट आणला तर तो त्यांनी तासभर उन्हात ठेवला, गरम असतानाच शिवला, गार असताना सुई मारली तर टाक्याच्या भोकापासून फाटतो म्हणाले. दोन टाक्यांच्या मधून पाणी आत येतं म्हणून शिवणीच्या वरून पट्टी चिकटवली. जुलैत मी गाडी मुद्दाम त्र्यंबकला नेली, दोन तास मुसळधार पाऊस, डाव्या कोपऱ्यात फक्त चार थेंब. साडेनऊ हजार घेतले त्यांनी, आणि त्या गाडीवर मी जो काही पैसा घातला त्यात या पैशाचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे. असा माणूस सापडला तर घासाघीस करू नको रे.

पैशाचं सांगायचं तर माझा गाडी सोडून सगळा मिळून एक लाख सत्तर हजार खर्च झाला, सहा वर्षांत, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात. तुझ्याकडे साडेतीन आहेत, त्यामुळे सव्वादोनला घेऊ नको, दीडच्या वर जाऊ नको, सांगाड्याला वेल्डिंग लागत असेल तर एकच्या वर नाही. दुसरी गाडी घरात आहे ना? रोज ऑफिसला जायला हिच्यावर अवलंबून राहिलास तर एखादा पार्ट बाहेरून यायला सहा आठवडे लागतात तेव्हा तुझी चिडचिड होईल आणि राग गाडीवर निघेल.

गोव्याला जाऊन आलास की सीटखालच्या पाईपचे आणि चेसिस नंबरचे फोटो इथेच टाक, फ्लॅश लावून काढ, मी बघून सांगतो. आणि घेतलीस तर एक लक्षात ठेव, हूड ओलं असताना कधीच घडी घालू नको, आणि मागच्या प्लास्टिकच्या घडीत जुनी मऊ सुती ओढणी ठेव.