नंबर बदलला नाही, म्हणजे डोळे तपासले असे नव्हे

आपला प्रश्न असा आहे : आई ७१ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे, वडील ७५ वर्षांचे आहेत. दोघांचेही नंबर चष्म्याच्या दुकानात वेळोवेळी काढले जातात. आईंचा नंबर बदललेला नाही, वडिलांना तर अलीकडे चष्म्याशिवायही वर्तमानपत्र वाचता येऊ लागले आहे. अशा स्थितीत दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची गरज आहे का? ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्र विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतरचे माझे उत्तर स्पष्ट ‘हो’ असे आहे, आणि त्याची कारणे आपल्या प्रश्नातच आहेत.

नंबर काढताना पाहिले जाते ते एवढेच, की कोणते भिंग लावल्यावर समोरच्या तक्त्यावरची अक्षरे स्पष्ट दिसतात. त्यात डोळ्याचा पडदा, मेंदूकडे जाणारी नस आणि डोळ्याच्या आतला दाब यांपैकी काहीही तपासले जात नाही, आणि उतारवयात दृष्टी कायमची जाते ती बहुतेकदा पडद्याच्या किंवा नसेच्या आजारामुळे.

काचबिंदूचे उदाहरण घ्या. या आजारात नसेचे तंतू हळूहळू मरतात आणि नजर सहसा कडेकडेने जाऊ लागते. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकत असल्यामुळे तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ बिनचूक वाचणाऱ्या माणसाचाही आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. पायरी चुकते, चालताना खांदा चौकटीला लागतो, पण घरातले सगळे त्याचा दोष वयाला देतात. गेलेली नजर कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते, म्हणून निदान किती लवकर होते यावर सारे अवलंबून असते. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा (mmHg) असला की तो नेहमीच्या मर्यादेत मानतात, मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यामुळे ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान न मानता नसही पाहिली का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात आढळतो; आई-वडिलांपैकी कोणाला तो निघाला, तर आपण आणि आपल्या भावंडांनीही तपासून घ्यावे.

आईंच्या बाबतीत तर पडद्याची वार्षिक तपासणी टाळण्याजोगी नाहीच. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी पडदा पाहून घ्यायचा असतो, कारण निदानापूर्वी काही वर्षे साखर वाढलेली असू शकते. पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी आरंभी दिसण्यात काहीच फरक पडत नाही. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शने यांचा चांगला उपयोग होतो, पण फार उशिरा आलेल्या रुग्णात गेलेले सगळे परत मिळत नाही.

वडिलांची वाचनाची ‘सुधारणा’ मला काळजीची वाटते. मोतीबिंदूच्या एका प्रकारात नैसर्गिक भिंगाचा मधला भाग कठीण होत जातो, त्याची ताकद वाढते आणि जवळचे काही काळ चष्म्याशिवाय दिसू लागते; लांबचे मात्र धूसर होत जाते. घरोघरी याचे कौतुक होते! लगेच शस्त्रक्रिया लागेलच असे नाही, परंतु ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता फार थांबल्याने भिंग अधिक टणक होऊन शस्त्रक्रिया अवघड होते, आणि अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्याचा दाबही चढू शकतो.

तपासणीला जाताना कोणीतरी सोबत असावे, कारण बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. काळा चष्मा न्यावा आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. खर्चाची अडचण असेल, तर जिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असतो आणि १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेथे मोफत होते.

काही लक्षणे दिसली, तर वार्षिक तारखेची वाट पाहू नये. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, किंवा एकेक डोळा झाकून पाहताना दाराची सरळ चौकट वाकडी दिसणे, अशा वेळी विनाविलंब दाखवावे. डोळा लाल होऊन प्रचंड दुखत असेल, सोबत डोकेदुखी व उलट्या असतील आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील, तर पित्त समजून घरगुती उपाय करीत बसू नये. तो अचानक चढलेला दाब असू शकतो आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

दोघांच्या चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवावी. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असेल, तर पडद्यावर वेगळे लक्ष ठेवावे लागते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असल्यास वडिलांनी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना नक्की सांगावे, कारण त्यामुळे शस्त्रक्रियेत बाहुली नीट ताणलेली राहत नाही. गोळी काही दिवस आधी बंद केली तरी हा परिणाम टळेलच असे नाही, म्हणून ती स्वतःहून बंद करू नये.